आधी शेजार दाखवा

"घर नंतर बघू. आधी शेजार दाखवा."

घर विकणारा माणूस मोठ्या कौतुकानं दार उघडून उभा असायचा आणि आमचे फोरमन त्या दाराकडे पाठ करून, कपाळाशी हात धरून समोरच्या घराकडे बघत असायचे. तिथे कोण राहतं, काय करतात, घरात भांडणं फार होतात का, कुणी आजारी पडलं तर कुणाकडे जातात. विकणारा बिचारा सागवानी खांबांबद्दल, विहिरीच्या पाण्याबद्दल बोलायला आलेला असे. त्याला खांबांपर्यंत पोचायलाच मिळत नसे.

गिरगावातल्या एका छापखान्यात मी तेव्हा खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवायला नवा लागलो होतो. ते फोरमन होते. उंच, किंचित वाकलेले, बोटांची टोकं शाईनं कायमची काळी. हाताखालच्या माणसांवर ओरडत नसत, पण चुकलेला मजकूर समोर धरून शांत आवाजात चूक दाखवत, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. पगारातून वर्षानुवर्षं मागे टाकून त्यांनी घरापुरती जमवाजमव केली होती. रविवार आला की बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, घेऊन घर बघायला निघत. मी त्यांच्याच गल्लीत खोली घेऊन एकटा राहत होतो, म्हणून मलाही बरोबर नेत.

शेजाराचं हे वेड कुठून आलं ते काकूंनी मला एकदा सांगितलं. कोकणात त्यांचं घर डोंगराच्या कुशीला एकटंच होतं. त्यांचा मुलगा चार वर्षांचा असताना घशाच्या आजारानं पडला. फोरमन वैद्याला आणायला गेले आणि वैद्याला घेऊन परत आले तेव्हा काकू पोराला मांडीवर घेऊन तशाच बसलेल्या होत्या. मधल्या वेळात त्यांनी हाका मारल्या होत्या, पण ऐकायला कुणी नव्हतंच. त्यानंतर ते दोघं मुंबईला आले आणि त्यांना पुन्हा मूल झालं नाही.

त्यामुळे दादरकडचं घर त्यांना पसंत पडणं शक्यच नव्हतं. घोड्यांच्या ट्रामनं भायखळ्यापर्यंत आणि पुढे पायी, परळ मागे टाकून आम्ही तिथे गेलो होतो. भाताची खाचरं, मध्ये बांधावर आंब्याचं झाड आणि झाडाशी कौलारू घर. हवा अशी की माझ्यासारख्या कोंदट खोलीत राहणाऱ्याला तिथून हलवेना. मालक म्हातारा शेतकरी होता. फोरमननी त्याला विचारलं, शेजारी कोण? त्यानं दूरच्या माडांकडे बोट दाखवलं. फोरमन म्हणाले, "चला."

वरळीचं घर काकूंना हवं होतं. कोळीवाड्याच्या टोकाला, समुद्राकडे तोंड करून, दोन खोल्या आणि पुढे पडवी. काकू खाडीकाठच्या गावात वाढलेल्या. समुद्र बघून त्या नुसत्या उभ्या राहिल्या. शेजारची कोळीण, हिरूबाय तिचं नाव, जाळं बाजूला सारून पुढे आली आणि काकूंना हाताला धरून आपल्या ओट्यावर घेऊन गेली. "घर घ्या नायतर नको घ्या, पन बस तरी बाय," म्हणाली. तिची सून तिथेच पोराला पाजत बसली होती. काकू त्या दोघींशी जे बोलत सुटल्या ते मी आणि फोरमन बघतच राहिलो. त्यांना इतकं बोलता येतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

परतताना फोरमन म्हणाले, शेजार आहे, पण आपला नाही. वासाचं कारण दिलं, वादळाचं दिलं. काकूंनी वाद घातला नाही. त्या मागे वळून बघत राहिल्या, इतकंच.

शेवटी घर घेतलं ते आमच्याच गल्लीत. दोन्ही बाजूंना भिंतीला भिंत, समोर हात लांब केला तर समोरच्या गॅलरीला लागेल असं वाटायचं. उजेड जेमतेम. पण शेजार असा की फोरमन हरखून गेले. लागून असलेल्या घरात सदाशिव नावाचा तरुण सोनार, त्याची आई आणि त्याची बायको यमुना राहत. मधली भिंत इतकी पातळ की पलीकडे कुणी खोकलं तरी कळावं. दुसरा कुणी यावरून कुरकुरला असता, पण फोरमन मला ती भिंत बोटांनी वाजवून दाखवत आणि समाधानानं हसत.

ते दिवस चांगले गेले हे सांगितलं पाहिजे. यमुना दिवसातून कितीदा तरी काकूंकडे येई. तिला आई नव्हती. दिवस गेले तेव्हा तिचे डोहाळे काकूंनी पुरवले आणि बाळंतपणात उशाशी काकूच होत्या. मुलगी झाली. फोरमन कामावरून आले की हात दगडावर घासघासून धुवायचे, शाई जायची नाही, मग त्या पोरीला हात न लावता नुसते वाकून बघायचे.

त्या हिवाळ्यात गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आला. मांडवीकडे सुरू झाला आणि बघता बघता आमच्यापर्यंत पोचला. गल्लीतली निम्मी घरं कुलपं लावून गावी पळाली. उरलेल्यांच्या घरांत तपासणीच्या टोळ्या शिरू लागल्या. काखेत, जांघेत हात घालून बघत. कुणाला ताप सापडला तर त्याला डोलीत घालून इस्पितळात नेत, घरच्यांना छावणीत ठेवत आणि घरातली अंथरुणं रस्त्यात जाळत. इस्पितळात गेलेलं माणूस परत आलेलं आमच्या गल्लीनं पाहिलं नव्हतं. लोक आजाऱ्याला माळ्यावर लपवत, गवताखाली लपवत. एका घरात तर मेलेल्या म्हातारीला पाटावर बसवून तिच्यापुढे पत्ते मांडले होते.

यमुनाला ताप भरला तेव्हा पोरगी महिनाभराचीही नव्हती. काखेशी सूज होती. सदाशिवनं आणि त्याच्या आईनं तिला माळ्यावर नेऊन ठेवलं. काकू मागल्या दारानं जाऊन तिला शेक देत, पोटीस बांधत. आपल्या नवऱ्याला त्यांनी सांगितलं नाही. पण मी म्हटलं ना, भिंत पातळ होती.

त्या सकाळी मी नेहमीप्रमाणे कामावर जाताना त्यांना हाक मारायला आलो होतो. टोळी सदाशिवच्या घरातून काही न सापडता बाहेर पडत होती. पुढचा शिपाई पायरी उतरला होता. फोरमन आपल्या ओट्यावर उभे होते. छापखान्यात चूक दाखवताना जो आवाज लावत तसाच, शांत आवाज त्यांनी लावला.

"वर माळ्यावर बघा."

टोळी परत फिरली. काकू दारात होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, आणि मला त्या बघण्याकडे बघवलं नाही. आत भांडी पडल्याचा आवाज झाला. यमुनाला चौघांनी उचलून खाली आणलं. ती शुद्धीवर होती, ओरडली नाही. तिनं पदर सारखा करायचा प्रयत्न केला, पण ते तिला जमलं नाही. जाताना तिनं काकूंकडेच पाहिलं. सदाशिव शिपायांच्या पाया पडत होता. म्हातारीला आणि त्याला दुसऱ्या गाडीत घातलं. गादी, पाळणा, बाळंतिणीची दुपटी, सगळं रस्त्यात पेटवलं. कौलं उतरवली, भिंतींना चुना मारला आणि लागून असलेलं घर म्हणून फोरमनच्या भिंतीलाही उजेडासाठी भलं मोठं भोक पाडलं.

या गोंधळात पोरगी काकूंच्या हातात राहिली. यमुनाच्या कुशीतून तिला कुणी घेतलं, काकूंच्या हातात कुणी दिलं, कुणाला सांगता येईना. तिला दूध हवं होतं. गल्लीत दोन बाळंतिणी होत्या. काकू दोघींच्या दाराशी गेल्या आणि दोन्ही दारं आतून लागली. मग त्या घरात आल्या, अंगावर लुगडं लपेटलं, पोरगीला छातीशी बांधलं आणि चालू लागल्या. फोरमननी विचारलं, कुठे निघालीस? त्या गल्लीबाहेर पडल्या. मी मागोमाग गेलो.

वरळीच्या वेशीवर कोळ्यांनी वाट अडवली होती. काठ्या घेऊन तरुण उभे होते, शहरातल्या माणसाला आत सोडत नव्हते. आम्ही उन्हात उभे राहिलो. पोरगीचा रडण्याचा आवाज बसत चालला होता. कुणीतरी हिरूबायला सांगितलं असावं. ती आली, पोरांवर खेकसली, पण तिनंही आम्हांला आत नेलं नाही. वाळूवर, होड्यांच्या पलीकडे जाळ्यांची झोपडी होती, तिकडे बोट दाखवलं. सुनेला हाक मारली. सून लांबूनच थबकली. घाबरली होती, ते स्पष्ट दिसत होतं. मग तिनं हात पुढे केले आणि पोरगीला छातीशी धरलं.

काकू तिथेच राहिल्या. आधी झोपडीत आणि मग, ताप कुणालाच आला नाही तेव्हा, हिरूबायच्या घरात.

यमुना इस्पितळात वारली. सदाशिव छावणीतून एकटाच परतला, म्हातारी तिथेच गेली. इस्पितळात त्याला कळलं होतं ते त्यानं ओट्यावर उभं राहून साऱ्या गल्लीला ऐकवलं: काखेतली गाठ दुधाची होती. गाठीचा ताप तिला लागला तो इस्पितळात, शेजारच्या खाटेवरून. एवढं सांगून तो घरात गेला. फोरमनच्या दाराकडे त्यानं पाहिलंही नाही.

फोरमनना कुणी मारलं नाही. शिवीसुद्धा दिली नाही. ते विहिरीवर गेले की बायका घागरी तशाच सोडून बाजूला होत, आणि ते पाणी काढून गेले की दोर धुऊन घेत. ते ओट्यावर येऊन बसले की समोरची खिडकी बंद होई. छापखान्यातही माणसं कामापुरतं बोलत. मी त्यांच्याबरोबर येत-जात राहिलो. का, ते मला नीट सांगता येणार नाही. ते एकच बोलत, "मी खोटं सांगितलं का? नसतं सांगितलं तर तुझी काकू गेली असती." ते खोटं बोलले नव्हते, हे खरंच होतं.

एकदा ते काकूंना आणायला वरळीला गेले. मीही होतो. काकू पडवीत मासे वाळत घालत होत्या. फोरमन अंगणाबाहेर उभे राहून बराच वेळ बोलले. घराची डागडुजी केली आहे, भिंतीतलं भोक बुजवलं आहे, पोरीलाही घेऊन चल म्हणाले. काकूंनी हातातलं काम थांबवलं नाही. शेवटी म्हणाल्या,

"यमुनानं माझा हात धरून विचारलं होतं, कुणी सांगणार नाही ना? मी म्हटलं, इथे सगळी आपलीच माणसं आहेत."

परतीच्या वाटेवर फोरमन मध्येच थांबून बोटांवरची शाई बघायचे.

पुढच्या वर्षी ते गेले. गाठीचा ताप नव्हता, साधी हगवण होती. मी आईच्या वर्षश्राद्धासाठी गावी गेलो होतो. परत आलो तर ते छापखान्यात आले नाहीत असं कळलं. दार आतून लावलेलं होतं, ते मी आणि दोघा-तिघांनी मिळून उचकटलं. ते खाटेवरून उतरून दारापर्यंत आले होते. तिथेच पडले होते, हात कडीच्या खाली.

सदाशिव आपल्या ओट्यावर काम करत बसला होता. फुंकणी खाली ठेवून तो मला म्हणाला, "काल दिवसभर हाका मारत होते. मला ऐकू येत होतं." आवाजात राग नव्हता.

खांदा द्यायला छापखान्यातली माणसं आली. सगळं आटोपून मी वरळीला गेलो. काकू अंगणात होत्या, पोरगी वाळूत खेळत होती. मी सांगितलं. त्यांनी पोरगीच्या तोंडातली वाळू बोटानं काढली, तिला हिरूबायजवळ दिलं आणि विचारलं,

"जवळ कोण होतं?"

"कुणी नव्हतं."

हाकांचं मी सांगितलं नाही. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, आज पहिल्यांदाच लिहितो आहे.

"बरं झालं," काकू म्हणाल्या. आत गेल्या आणि दार लोटून घेतलं. थोड्या वेळानं आतून पाट्यावर बांगड्या फुटल्याचा आवाज आला. एकदम नाही, एकेक करून, मध्ये बराच वेळ जाऊ देत. हिरूबाय पोरीला मांडीवर घेऊन माझ्याशेजारी वाळूत बसून राहिली. ती आत गेली नाही, आणि मला जा म्हणाली नाही.