पंख्याला झेंडूचा हार

पंख्याला झेंडूचा हार घातलेला दिसला आणि मी हातातला पाइप खाली ठेवला.

पंखा म्हणजे होडीच्या मागे लावतात त्या इंजिनाचा, पाणी कापणारा. थोड्याच वेळापूर्वी मी तो काढून ठेवला होता. मी नळापर्यंत जाऊन येईस्तोवर तो पुन्हा जागेवर बसला होता.

पेणमध्ये आमचं आउटबोर्ड इंजिनांचं सर्व्हिस सेंटर आहे. धरमतरच्या खाडीतले मच्छीमार हे रोजचं गिऱ्हाईक. त्या दिवशीचं काम मात्र रोह्याजवळच्या एका नदीकाठच्या गावात होतं. गावात पुराचं पाणी शिरतं, म्हणून एका सेवाभावी मंडळाने बोट भेट दिली होती. नदी शाळेच्या मागेच. पण कार्यक्रम शाळेच्या पटांगणात, कारण मांडव तिथे होता. बोट ट्रॉलीवर, कोरडी ठणठणीत. आणि मंडळाच्या अध्यक्षांना इंजिन चालू करून दाखवायचं होतं.

हे इंजिन पाण्यावर थंड होतं. नदीचं पाणी आत ओढायला एक छोटं रबरी चाक असतं. पाणी नसेल तर आधी ते रबर जळतं, मग इंजिन. म्हणून जमिनीवर चालवायचं तर पाणी आत घेणाऱ्या जाळ्यांवर दोन रबरी वाट्या बसवायच्या, त्यांना नळाचा पाइप जोडायचा. आधी पाणी सोडायचं, मग स्टार्ट. न्यूट्रलमध्ये, हळू. पंखा काढून.

"पंखा कोणी बसवला?" मी विचारलं.

"मी सांगितलं," अध्यक्ष म्हणाले. "त्याच्याशिवाय बोडकं दिसतं हो. फोटोत काय येणार?"

"साहेब, चुकून गिअर पडला तर कोणाचा तरी हात जाईल."

"तुम्ही उद्घाटनाला आलात की लोकांना घाबरवायला?"

मी आमच्या मालकांना फोन लावला. "अरे, करून टाक," ते म्हणाले. "अजून बोटी द्यायचं चाललंय त्यांचं."

"आणि काही झालं तर?"

"सांभाळून कर ना."

'सांभाळून कर' हा आमच्या मालकांचा एकमेव सेफ्टी रूल. तो सांगून झाला की जबाबदारी फोनच्या या टोकाला.

मग पंखा तसाच ठेवून मी इंजिनाची लाल दोरी मनगटाला अडकवली. चालवणारा पाण्यात पडला तर ती ताणली जाते, क्लिप निघते आणि इंजिन बंद पडतं. मागे उभ्या लोकांना हटवलं. पाणी सोडलं, इंजिन चालू केलं. बाजूच्या भोकातून बारीक धार पडू लागली, म्हणजे आत पाणी फिरत होतं. टाळ्या झाल्या.

"मिक्सरसारखा आवाज येतोय," अध्यक्ष म्हणाले. "वाढवा जरा."

"पाइपच्या पाण्यावर एवढाच, साहेब."

तेवढ्यात फोटोग्राफरने सरपंच सुनंदाताईंना सांगितलं, "ताई, पंख्याला कुंकू लावा, फोटो मस्त येईल." ताई करंडा घेऊन वाकल्या. मी ओरडलो, "ताई, मागे व्हा!" आणि त्याच वेळी अध्यक्षांनी आवाज वाढवायला समोर दिसला तो दांडा ओढला. तो गिअरचा होता.

मी ताईंचा दंड धरून त्यांना खेचलं. दोरी ताणली, क्लिप निघाली, इंजिन बंद पडलं. तोवर हाराचा भुगा होऊन अध्यक्षांच्या पांढऱ्या झब्ब्यावर उडाला होता. करंडा चेपून लांब पडला होता. त्याच्या जागी काय असू शकलं असतं, ते सगळ्यांना दिसत होतं.

ताईंनी दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले. मग त्या अध्यक्षांकडे वळल्या. "गावाला बोट दिलीत, ती बरी केलीत. पन बदल्यात माजी बोटं न्यायची होती काय वो?"

अध्यक्ष पाकळ्या झटकत म्हणाले, "इंजिनात डिफेक्ट दिसतोय."

"डिफेक्ट हाय. पन इंजिनात नाय." आणि त्या गावकऱ्यांना म्हणाल्या, "उचला रे ती ट्रॉली. नदी काय पळून गेली नाय."

बोट नदीत उतरली, इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. सगळ्यांत आधी ताई बसल्या. मंडळातलं कोणी आलं नाही, काठावर चिखल होता.

मंडळाने नंतर पाठवलेल्या व्हिडिओत फक्त पटांगण आहे. ताई कुठेच नाहीत. इंजिनाचा आवाज आहे, पण तो कुठल्या तरी मोटरसायकलचा लावलाय.

आता कुठल्याही उद्घाटनाला मी पंखा काढला की बाजूला ठेवत नाही. डिकीत टाकतो, डिकी लॉक करतो आणि मगच अध्यक्षांना नमस्कार करतो.