अडेनियमला ऊन लागतं

माझ्या बायकोच्या हाताला झाड लागत नव्हतं, असं घुग्घुसमध्ये आमच्या घरांच्या ओळीत अजून कुणी म्हणत असेल, तर त्याने ते आता थांबवावं. ते मी सांगितलं होतं, पाहुण्यांसमोर चहा पिता पिता, ती स्वयंपाकघरात ऐकत असताना. ते खोटं होतं.

झाड होतं अडेनियमचं. बुंधा फुगलेल्या कांद्यासारखा, वर बोटाएवढ्या फांद्या आणि गुलाबी फुलं. चंद्रपूरच्या नर्सरीतून तिने ते आणलं, मोटारसायकलवर माझ्या मागे बसून, कुंडी मांडीवर धरून. पाणी कमी, ऊन भरपूर, एवढंच नर्सरीवाल्याने सांगितलं होतं. तिने कुंडी गच्चीवर ठेवली, जिथे सकाळपासून दुपार कलेपर्यंत कशाचीच सावली पडत नाही. पहिल्याच उन्हाळ्यात झाड फुलांनी भरलं.

मला मात्र पानांवरची धूळ दिसायची. आमच्याकडे जे बिघडतं ते धुळीने बिघडतं. खोकला धुळीने, कूलर धुळीने, लोणच्याला बुरशी आली तरी धुळीने. कोळशाचे ट्रक दारावरून जातात, म्हणून आम्ही खिडक्या बंद ठेवतो आणि जे जपायचं ते घरात आणतो. ती रोज ओल्या फडक्याने एकेक पान पुसायची. मी म्हटलं, कशाला हा उपद्व्याप, आणि कुंडी उचलून बैठकीत टीव्हीशेजारी ठेवली.

त्याले ऊन पाहिजे, ती म्हणाली. मी वरची ट्यूबलाइट दाखवली. माझी सगळी नोकरी जमिनीखालच्या खाणीत गेली. टोपीवरच्या दिव्यात आम्ही काम केलं, डबे खाल्ले, भांडलो. माणूस दिव्यावर जगतो, मग झाडाला काय झालं, असं माझं म्हणणं. आपल्या डोळ्यांना पुरतो तो उजेड अडेनियमला पुरत नाही, हे मला माहीत नव्हतं. आपल्याला लख्ख वाटणारी खोली त्याच्यासाठी कोठडी असते.

फांद्या लांबट, लुळ्या झाल्या आणि बंद खिडकीच्या फटीकडे वळल्या. पानं पिवळी पडून गळली. ऊन नसेल तर झाड पाणी पीत नाही हे ओळखून तिने पाणी जवळजवळ बंद केलं होतं. मी तिच्या नकळत पेलाभर घालायचो. शेवटी बुंध्याला बोट लावलं तर ते आत गेलं. त्या दिवशी तिची बहीण आलेली होती. काय झालं झाडाला, असं तिने विचारलं तेव्हा मी म्हणालो, "तिच्या हाताले झाडच लागत नाई." माझं वाक्य ओळभर फिरलं. त्यानंतर कुणी तिला तुळशीचं रोपसुद्धा दिलं नाही.

माफी मागायची तर माफ करायला ती आता नाही. पण तिला लावलेला बोल मी काढू शकतो, आणि काढणार.

ती गेल्यावर मी तसंच रोप आणलं. तेही पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून मरणार होतं. नर्सरीतल्या सावलीच्या जाळीखालून आणून थेट मे महिन्याच्या उन्हात ठेवलं, तर बुंध्याची एक बाजू भाजून पांढरी पडली. मग सकाळचं ऊन आधी, हळूहळू वाढवत, असं त्याला सवयीचं केलं. आता ते दिवसाचे सहा तास तरी कोवळं-कडक सगळं ऊन घेतं. फक्त मे महिन्यात टळटळीत दुपारी थोडी आडोशाची सावली. पावसाळ्यात वर पारदर्शक पत्रा आहे, पाऊस अडतो, उजेड अडत नाही. ज्यांना घरातच ठेवायचं आहे त्यांनी दक्षिणेची खिडकी बघावी, कुंडी अगदी काचेला टेकवावी आणि अधूनमधून फिरवावी. खिडकी नसेल तर झाडांसाठीचा खास दिवा जवळ टांगून दिवसभर जाळावा. हे जमत नसेल तर अडेनियम आणू नये. शोभेला प्लास्टिकची फुलं मिळतात.

यंदा वर्षश्राद्धाला तिची बहीण राजुऱ्याहून आली, मुलगा नागपूरहून. बहिणीने गच्चीवर फुललेलं झाड पाहिलं.

"भाऊजी, तुमच्या हाताले चांगलं लागलं हे. माह्या बहिणीले नाई जमलं बा."

मुलगा हसला आणि त्याने कुंडी उचलली. आईच्या फोटोजवळ ठेवू म्हणाला, मग नागपूरच्या फ्लॅटवर नेऊ, तुम्हीही चला. त्याची बाल्कनी उत्तरेला आहे. तिथे कपडेसुद्धा नीट वाळत नाहीत.

"ठेव खाली," मी म्हणालो.

"बाबा, फोटोजवळ दोनच दिवस."

"एक दिवस नाई. अन् बाई, तुम्ही ऐका. ते झाड तिनं नाई मारलं, मी मारलं. तिनं उन्हात ठेवलं होतं, मी घरात नेलं, अन् नाव तिचं घेतलं."

आज कशाला हे, मुलगा पुटपुटला. आजच, मी म्हणालो, सगळे आले आहेत तर.

बहीण माझ्याकडे वळली. "आमच्या मायनं काठी रोवली तरी फुटे. मले वाटे, हिच्यातच कसं नाई आलं? मी बी तुमचं खरं मानलं. इतके वर्ष काऊन गप होते?"



उत्तराची वाट न बघता ती कठड्याशी गेली. पलीकडच्या गच्चीवर शेजारीण पापड वाळत घालत होती.

"ओ बाई, या इकडे," तिने हाक मारली. "तुमच्या ह्या भाऊले काही सांगाचं हाय."

मुलाने मान खाली घातली. शेजारीण पदराने हात पुसत कठड्यापाशी आली. मी पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं, मोठ्याने, तिच्या मागच्या घरातही ऐकू जावं असं.