पायाळू सुनेची कंबर

मी पायाळू. जन्मताना आधी पाय बाहेर आले, डोकं मागनं. आमच्याकडं अशा माणसाचा पाय लागला की पाठीत भरलेली उसण जाते म्हणतात. सांगलीहून लग्न होऊन कराडजवळच्या या गावात आले, तर अंगाची हळद उतरायच्या आत सासूबाईंनी मला अंगणात उभी केली. समोर शेजारीण पालथी पडलेली. तीन वेळा तिच्या पाठीला पाय लावला. तेव्हापासून सकाळी दारात कोणी ना कोणी वाकडं होऊन उभं असतंच.

आता गंमत ऐका. तीन वर्षं झाली, माझीच कंबर दुखते. ज्या पायाला गाव हात जोडतं, तो पाय मला वाकून धुता येईना. आणि सांगायचं कुणाला? पायाळूचीच कंबर गेली म्हटल्यावर गाव हसेल, म्हणून सासूबाईंनी, मी त्यांना आत्या म्हणते, माझ्या तोंडाला कुलूप घातलं. दर मंगळवारी कराडला व्यायामाच्या डॉक्टरीणबाईंकडं जायची, ते दात दुखतो सांगून. शेजारीण एकदा म्हणालीच, "एवढं दात काढलंस, आता जेवतीस कशानं गं?"

डॉक्टरीणबाई लय कडक. पहिल्याच दिवशी कमरेचा पट्टा सोडायला लावला. "पडून राहिलात तर जास्त आखडेल. व्यायाम रोज करायचा. जमेल तसा मी दर मंगळवारी वाढवत नेईन." पाठीवर झोपायचं, गुडघे दुमडायचे, कंबर उचलून दहा मोजायचे. सोपं आहे हो! पण सुनेनं दिवसाढवळ्या आडवं व्हायचं कुठं? सोप्यात सासरे बसलेले. खोलीचं दार लावलं की आत्या बाहेरून, "आत काय करतीस गं?" शेवटी धान्याच्या दोन पोत्यांमध्ये, जेमतेम पाठ मावेल एवढ्या फटीत मी कंबर उचलायची. रडू यायचं, त्याहून जास्त राग यायचा.

पण दीड महिन्यानं एकदा न्हाणीत वाकले आणि टाच घासली. स्वतःच्या हातानं! कुणाला सांगायची सोय नव्हती, म्हणून पाण्याच्या आवाजात एकटीच हसले.

त्याच आठवड्यात घागर उचलताना आत्यांच्या पाठीत उसण भरली. मी पाय लावला. चौथ्या दिवशी त्या टुणटुणीत! स्वयंपाकघरात मला म्हणाल्या, "तुज्या पायात एवढा गुण हाय, आन् तू कराडला पळतीस? बास झालं आता."

"आवं आत्या, माझा पाय माझ्या पाठीला कसा लागंल?"

त्या हसल्या. मग मात्र माझा तोल गेला. इतकी वर्षं गिळलेलं बोलून टाकलं, "आणि पायानं काही होत न्हाई. बहुतेक उसण तीन-चार दिवसांत आपोआप जाते. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय."

मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. त्या शांतपणे भाकरी उलटत म्हणाल्या, "व्हय? मग तुजीबी जाईल की आपोआप."

मंगळवारी डॉक्टरीणबाई पुढचा व्यायाम शिकवणार होत्या. कराडची एसटी फाट्यावर थांबली आणि गेली, तेव्हा मी अंगणात, दुसरा पाय कुणाच्या तरी पाठीला लावून, एका पायावर उभी होते.