‘यांचं’ नको, तुमचं सांगा

मेश्रामबाई बेल कधी वाजवत नसत. काठीने उंबरठ्यावर टकटक करायच्या आणि दार उघडणाऱ्या बाईला विचारायच्या, “नाव काय वं तुझं?” ती ‘जगताप’ म्हणाली की म्हणायच्या, “ते तर दारावर लिहिलंय. तुझं सांग.” हडपसरच्या कॉलनीत आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा मीही अशीच सापडले. मी शाळेत शिकवते, रोज पोरांची हजेरी घेते. पण स्वतःचं नाव सांगताना अडखळले. “काहून लाजते?” त्या म्हणाल्या. “चोरीचं आहे का?”

बाई मूळच्या नागपूरकडच्या. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या, पण आवाज अजून कचेरीतच होता. आमच्या कॉलनीची सभा गच्चीवर भरायची आणि ती पुरुषांची असायची. आम्ही चहा वर पोचवायचो आणि जिन्यात थांबून ऐकायचो. पाणी आम्ही भरायचो, पाण्यावर चर्चा ते करायचे. “जिन्यात उभं राहून कुणी अध्यक्ष होत नसतं,” बाई म्हणाल्या. “बसायला आपली जागा पाहिजे.”

कॉलनीतल्या बुद्धविहारामागे एक पडकी खोली होती. ती बायकांनी बांधायची, असं त्यांनी ठरवून टाकलं. पावतीपुस्तक वगैरे काही नाही. घरोघर जायच्या, नाव विचारायच्या आणि मग म्हणायच्या, “खोली बांधतेय. तू काय देते?” शिवणकाम करणाऱ्या शोभाने खिडकी दिली. मंडईतून भाजी आणून विकणाऱ्या मंगलने सिमेंट दिलं. मी दार दिलं. खोली उभी राहिली तेव्हा आम्ही एकमेकींकडे बघून उगीचच हसत होतो. पुढच्या रविवारी तिथे पहिली सभा घ्यायची आणि मंगलला कॉलनीची अध्यक्ष म्हणून उभं करायचं, असं ठरलं.

तेवढ्यात बाई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे गेल्या आणि देणगीदारांच्या पाटीचं काम आमच्याकडे आलं. कसबा पेठेत एक काका दगडावर अक्षरं कोरतात. आम्ही सगळ्या मिळून गेलो. काकांनी विचारलं, “खिडकी कुणाची?” शोभा म्हणाली, “यांचं नाव घाला.” मंगल म्हणाली, “सासऱ्यांच्या स्मरणार्थ लिहा, बरं दिसतं.” माझी पाळी आली. मीही ‘यांचं’च नाव दिलं. खोली कुठे आहे हेसुद्धा ‘यांना’ ठाऊक नव्हतं. काकांनी एकदा चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं. “सगळे पुरुषच?” आम्ही म्हटलं, “हो, तशीच पद्धत आहे.”

पाटी लागली आणि दुसऱ्याच दिवशी खोलीत पुरुषांचा कॅरम आला. मंगलने विचारलं तर उत्तर मिळालं, “वहिनी, पाटी वाचा की. खोली कुणाची आहे?” रविवारची सभा पुन्हा जिन्यात भरली.

काळा चष्मा लावून बाई परत आल्या. पाटीला नाक लावून त्यांनी ती सावकाश वाचली. “बाप्पा! एवढ्या माणसांनी दिलं? मला तर दारादारात सगळ्या बायाच भेटल्या होत्या.” त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांनी गच्चीवर सभा बोलावली. पुरुष म्हणाले, “नावं तुम्हीच दिलीत ना?” तेवढंच तर खरं होतं. बाई आमच्याकडे बघत थांबल्या. एकीने तोंड उघडलं असतं तरी पुरे होतं. पण आमच्यातली कुणीतरी म्हणाली, “छे, आम्ही आमचीच सांगितली होती. त्या पाटीवाल्याने घोळ घातला.” आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. पुरुषांना हे लगेच पटलं. “असल्या लोकांना अक्कल नसते. त्याच्याकडून फुकट करून घ्या,” असं म्हणून त्यांनी काकांना फोनवर चार शब्द सुनावले आणि कॅरम उचलला. खोली मिळाली, तीही आमच्या नवऱ्यांनी एका गरीब माणसाला झापल्यामुळे.

जिना उतरताना बाई एवढंच म्हणाल्या, “स्वतःचं नाव सांगायला लाजता, अन् दुसऱ्याच्या नावावर चूक टाकताना नाही लाजत वं तुम्ही.”

मंगल अध्यक्ष झाली, आणि चांगली झाली. ते पाहायला बाई होत्या. नंतर थोड्याच दिवसांत झोपेतच गेल्या.

नवी पाटी आणायला मी गेले. काकांसमोर कसं उभं राहायचं, याचीच धास्ती होती. त्यांनी पाटी पुसली, जुन्या साडीत गुंडाळली आणि म्हणाले, “पैसे राहू द्या, तुमच्या मोठ्या बाई देऊन गेल्यात. काठी टेकत, बसने आल्या होत्या. माझी माफी मागितली. म्हणाल्या, चूक आमची होती.”

“आमची म्हणाल्या?” मी विचारलं.

“हो. मी म्हटलं, जाऊ द्या हो, कुणाची का असेना. तर म्हणाल्या, ‘चूक कुणाची ते पाटीवर लिहिता येत नाही, म्हणून सांगायला आले.’”

आम्ही नावं दिली तेव्हा त्या तर पुण्यातही नव्हत्या. मला काकांना हे सांगायचं होतं, चूक कुणाची ते सांगायचं होतं. पाटी उचलून मी तशीच बाहेर पडले.

आता ती पाटी दारावर आहे. तिच्यावर ‘दार’ या शब्दापुढे माझं नाव आहे, माझं स्वतःचं, अक्षर सुंदर आलंय. दर रविवारी सभेला जाते. आत शिरताना मान वर होत नाही.