सोनवणे बाईंची गाडी

सोनवणे बाई कुठलीही गाडी विकत घेण्याआधी तिच्यात आडव्या होऊन बघायच्या. हे मी पहिल्यांदा पाहिलं ते नारायणगावच्या एका गॅरेजच्या आवारात. कडक इस्त्रीची साडी नेसलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या या प्राथमिक शिक्षिकेनं पर्स माझ्या हातात दिली, चपला काढल्या आणि एका जुन्या व्हॅनच्या पत्र्यावर सरळ उताणं पडून डोळे मिटले. गॅरेजवाला माझ्याकडे बघायला लागला. पाच मिनिटांनी बाई उठल्या, पदर झटकला आणि त्याला म्हणाल्या, “नाय जमायचं, भाऊ. चाकाचा उंचवटा बराबर कमरंखाली येतोय.”

परतीच्या एसटीत मी विचारलं, तर म्हणाल्या, “गाडी डोळ्यानं बघितली की माणूस फसतो, शैला. पाठीनं बघायची.”

आम्ही दोघी जुन्नरला एकाच शाळेत शिकवत होतो. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. वर्गात बाई शुद्ध बोलत, माझ्याशी मात्र घरच्यासारखं बोलत. त्या मूळच्या तळेघरच्या. लग्न केलं नव्हतं. शाळेमागच्या आळीत दोन खोल्यांत त्या आणि त्यांची आई राहत. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली टेबलावर रस्त्यांचे नकाशे. आईनं जन्मभर भातखाचरात वाकून काम केलेलं. गुरांमागं कड्यावर गेलं की खाली कोकण दिसायचं, आणि आभाळ स्वच्छ असलं की लांबवर काहीतरी चमकायचं. तो समुद्र, असं लोक सांगायचे. म्हातारीला तो जवळून बघायचा होता.

पण तिचे गुडघे गेलेले. एसटीची पायरी चढवत नसे आणि दर तासाला मोकळं व्हायला लागायचं. शिवाय लॉजवर उतरायला बाई तयार नव्हत्या. एका तीर्थाच्या गावी धर्मशाळेतल्या माणसानं आधी आडनाव, मग गाव, मग आणखी बरंच विचारून खोली रिकामी नसल्याचं सांगितलं होतं. बाईंनी ती गोष्ट मला एकदाच सांगितली, तीही पेपर तपासता तपासता. वर एवढंच म्हणाल्या, “सोताचं घर बरोबर घेऊन फिरलं, म्हंजी कुनाला नाव सांगाया नको.”

म्हणून ती गाडी. झोपायला जागा, चहा-भात करायची सोय, आईला मोकळं व्हायला पडद्याआड झाकणाची खुर्ची. अशा तयार गाड्या परदेशात मिळतात हे त्यांनी एका मासिकात वाचलं होतं. आपल्याकडे मिळत नाहीत, तेव्हा जुनी गाडी घेऊन सुताराकडून करून घ्यायची, असं त्यांनी ठरवून टाकलं. आधी गाडी चालवायला शिकल्या. मग दर रविवारी गाडी बघायला निघायच्या, आणि मी सोबत.

मी का जात होते? घरी सांगायचे, बाई एकट्या आहेत म्हणून. खरं कारण वेगळं होतं. माझ्या लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि सासर-माहेर सोडून मी कुठेही गेले नव्हते. दिवाळीच्या सुट्टीत कुठेतरी जाऊ या म्हटलं की आमचे हे म्हणत, “आपल्याला ओझर आहे, लेण्याद्री आहे. लोक लांबून आपल्याकडे येतात. आणखी कुठं जायचं?” पगार माझाही होता, पण सुट्टी माझी नव्हती. बाई गाडीत शिरून कुठे काय ठेवायचं ते बोलायला लागल्या की मला ते ऐकवत नसे. मी हसून मान हलवायची आणि त्या गाडीतली एखादी खोट शोधत राहायची.

बाईंच्या परीक्षा ठरलेल्या होत्या. आत उभं राहून दोन्ही हात वर करून अंबाडा घालायचा. कोपर छताला लागलं की गाडी बाद. एका शाळेच्या व्हॅनबद्दल त्या म्हणाल्या, “हिच्यात माणूस दिसभर नमस्कार करत ऱ्हाईल.” पायरी आईच्या पिंढरीपेक्षा उंच नको. इंजिनाची धग झोपायच्या जागेपर्यंत यायला नको. पाऊस पडून गेल्यावर मुद्दाम जायचं आणि छताच्या सांध्यात बोट फिरवायचं. कोंबड्यांचा टेम्पो वासावरून गेला. एक रुग्णवाहिका मात्र त्यांना फार आवडली होती. “हिच्यात झोपलेली मानसं बरी व्हाया निघालेली व्हती, हे ध्यानात घे,” असं त्यांनी मला समजावलं. आईला दाखवायला नेली, तर म्हातारीनं दारातूनच सांगितलं, “मी आजून चालतीया.”

वर्षभरानं मंचरला हवी तशी मिनीबस सापडली. थोरात नावाचे गृहस्थ ती वऱ्हाडाला भाड्यानं देत. बाई आत उभ्या राहिल्या, आडव्या झाल्या आणि बराच वेळ उठल्याच नाहीत. मी खिडकीतून बघितलं. छताकडे बघत त्या एकट्याच हसत होत्या. थोरातांचं विकायचं मन पक्कं होत नव्हतं. विचार करून कळवतो म्हणाले. बाईंकडे फोन नव्हता, म्हणून माझ्या घरचा नंबर दिला.

सोमवारी संध्याकाळी फोन आला. “बाईंना सांगा, गाडी त्यांनाच देतो. गुरुवारपर्यंत थांबतो. पुढं मग दुसरं गिऱ्हाईक हाय.”

मी म्हटलं, “सांगते.”

त्याच सकाळी आमच्या ह्यांनी मी कसाबसा जमवलेला उन्हाळ्याचा कोकणचा बेत मोडला होता. मुलांसमोर मला म्हणाले होते, “तुला त्या बाईंचं वारं लागलंय.” मंगळवारी शाळेत बाईंनी विचारलं, “काय निरोप?” मी नाही म्हणाले. बुधवारी त्यांनी विचारलं नाही, आणि मीही बोलले नाही. गुरुवारही मी तसाच जाऊ दिला. शनिवारी शाळा सुटल्यावर बाई स्वतःच मंचरला गेल्या, तर आवार रिकामं होतं. थोरात परगावी गेले होते आणि गाडी विकली गेल्याचं शेजाऱ्यांनी सांगितलं. सोमवारी मला हे सांगताना बाईंचा चेहरा उतरला होता, पण म्हणाल्या, “जाऊ दे. येक गेली तर दुसरी बघू.” आणि मला, सांगायला लाज वाटते, त्या दिवशी जेवण गोड लागलं.

दुसरी गाडी मिळायला दीड वर्ष गेलं. तेवढ्या काळात म्हातारीच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपा. जपूनही ती जात राहिली. गाडी दारात आली तेव्हा आईला फक्त उजेड-अंधार कळत होता. बाईंनी तिचा हात धरून तिला सगळं दाखवलं. ही फळी, हा तुझा बिछाना, ही स्टोची पेटी, हा मसाल्याचा डबा, ही खिडकीची जाळी. मी मागे उभी होते. इतकं नेटकं स्वयंपाकघर माझ्या घरातही नव्हतं, हा विचार तेव्हाही माझ्या मनात आलाच.

मे महिन्यात बाई मलाही घेऊन गेल्या. बायकाच आहेत म्हटल्यावर घरून परवानगी मिळाली. बाईंनी माळशेज घाट असा उतरला, की आई पेंगत होती ती पेंगतच राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आधी अलिबागच्या पुढच्या एका गावी पोचलो. गाडी सुरूच्या झाडांखाली लावून म्हातारीला आम्ही दोघींनी वाळूत बसवलं. ती बराच वेळ ऐकत राहिली.

“लई मोठा हाय ग,” म्हणाली. मग विचारलं, “रंग कसला हाय?”

बाई सांगायला लागल्या. हितं मातकट, पुढं हिरवा, त्याच्याही पुढं आपल्या साळंतल्या पाटीसारखा. आई मान हलवत होती. मधेच म्हणाली, “दोन वर्सामागं आलो आस्तो तर दिसला आस्ता.” तिनं ते साधंच म्हटलं होतं, कुणाला लावून नाही.

जेवून आई गाडीत झोपली. बाई दाराशी बसून चहा करत होत्या. मी म्हटलं, “बाई, मंचरच्या थोरातांचा फोन आला होता तेव्हा. गुरुवारपर्यंत थांबतो म्हणाले होते.”

त्यांनी वर पाहिलं. “इसरलीस व्हय?”

त्यांनी मला वाट करून दिली होती. हो म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं.

“नाही,” मी म्हटलं. “तुम्हाला गाडी मिळू नये असं वाटलं.”

चहा उतू चालला होता. त्यांनी स्टो बारीक केला, चहा गाळला, एक कप माझ्यापुढे ठेवला. मग म्हणाल्या, “आईला सांगू नगंस.” त्यानंतर जुन्नर येईपर्यंत माझ्याशी फक्त कामापुरतं बोलल्या. मला दारापर्यंत सोडलं, पिशवी काढून हातात दिली.

सोमवारी शाळेत त्या नेहमीसारख्या वेळेवर आल्या. माझ्या वर्गाच्या दाराशी थांबून शुद्ध मराठीत म्हणाल्या, “शैलाबाई, तुमचं हजेरीपत्रक ऑफिसात राहिलंय.” पुढे निवृत्त होईपर्यंत त्या माझ्याशी कधी वाईट वागल्या नाहीत. आजारपणात डबा पाठवला, बढतीच्या वेळी अभिनंदन केलं. पण मला पुन्हा कधी ‘तू’ म्हणाल्या नाहीत.

आई गेली. बाई सुट्ट्यांत फिरत राहिल्या, निवृत्तीनंतर तर महिना महिना. त्यानंतरच्या एका दुपारी मी नारायणगावला एसटीची वाट बघत होते, तर त्यांची गाडी समोर येऊन थांबली. शेजारच्या सीटवर आमच्या शाळेत नव्यानं लागलेली एक शिक्षिका होती, मांडीवर नकाशा, हातात शेंगा. बाई तिला सांगत होत्या, “आगं, सगळ्या तूच खातीस व्हय? मला सोलून दे की.” त्या क्षणी गाडी कुठली, किती मोठी, आत काय काय आहे, याकडे माझं लक्षच गेलं नाही. मी त्या मुलीकडे बघत होते. इतका हेवा मला आयुष्यात कुणाचा वाटला नव्हता.

बाईंचं माझ्याकडे लक्ष गेलं. चेहऱ्यावर ओळखीचं हसू आलं. “जुन्नरलाच निघालोय,” त्या म्हणाल्या. “येता का? सोडते तुम्हाला.”

मागं जागा होती. “नको,” मी म्हटलं, “एसटी येईलच इतक्यात.”

त्यांनी पुन्हा विचारलं नाही.