पोल्ट्रीवर पाणी मागायला आलेली बाई

माझी शाळा सातवीत सुटली, लिहिण्यात चूकभूल माफ करा. असल्या गोष्टी कुणी सांगितल्या की मी हसायचो. पण ही माझ्याच दारात घडली.

आम्ही हिंगोलीकडचे. भोंगवलीजवळ एका पोल्ट्रीत मी कामाला आहे. माझ्या बायकोला, रेखाला, तिच्या आईची किडनी बसवलीय. शरीरानं ती नाकारू नये म्हणून रोज गोळ्या... त्यानं प्रतिकारशक्ती कमी होते. हे ऐकून मालकांनी शेडपासून लांब, गेटच्या आतल्या बाजूची खोली दिली. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत.

लंगडी, मागं पडलेली कोंबडी आम्ही कामगार घरी नेतो. गेल्या हिवाळ्यात मीही एक आणली. मलूल होती. म्हटलं, रेखाला रस्सा करू, अंगात ताकद येईल. दारातच बांबूच्या डालग्याखाली झाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला आलो, तर रेखा पिशवी भरून उभी.

"मी भोरला मावशीकडं चालले."

"अगं, झालं काय?"

"एक म्हातारी बाई पाणी मागायला आली होती. म्हणाली, पोरी, ह्या कोंबडीचा श्वास वाजतोय. तुझ्या गोळ्या चालू हायेत न्हवं? आजच्या आज हितनं नीघ."

गोळ्यांचं तिला कुणी सांगितलं? माझा संशय सुपरवायझर नानांवर. ही खोली त्यांना भाच्यासाठी हवी होती. रेखाला एसटीत बसवून मी तडक नानांना गाठलं.

"नाना, बायका पाठवून घाबरवता व्हय?"

"आरं येड्या, माझी बायकू माझं ऐकत न्हाई, परकी कुठनं ऐकंल?"

मग त्यांनी मला गेटवर नेलं. रोगराई आत येऊ नये म्हणून तिथं चुन्याचा पट्टा असतो, त्यावरूनच यावं लागतं. सकाळीच ताजा पसरला होता. त्यावर बाहेर जाणारी आम्हा दोघांची पावलं, आणि माझी परत येतानाची. बस्स.

तिसऱ्या दिवशी शेडमधल्या कोंबड्या पटापट मरायला लागल्या. डालग्याखालची आधीच गेली होती. सरकारी डॉक्टर आले, नमुने गेले — बर्ड फ्लू. आमच्यासोबत रेखाचीही तपासणी झाली. तिला काही निघालं नाही. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "माणसाला हा सहसा लागत नाही. पण हिच्या गोळ्या चालू असताना लागला असता तर... आणि तुम्ही आजारी कोंबडी घरी आणली?"

आसपासच्या गावांत, पार वरवे गावापर्यंत विचारलं. अशी बाई कुणालाच माहीत नाही. डॉक्टरांच्या आधी तिला रोग कळला कसा? सांगायला आली होती, की तीच घेऊन आली होती? रेखाला हे बोललो तर ती भडकली.

"जिनं वाचवलं तिच्यावर संशय! आणि कोंबडी कुणी आणली होती हो?"

ती बाई कोण, आजही सांगता येत नाही. भेटली तर आधी पाया पडेन... मग विचारीन.