फोटोतलं उजवं हाड

नोव्हेंबरातला दुसरा मंगळवार, दुपारी साडेतीन. विभागप्रमुखांची खोली. हजर: विभागप्रमुख डॉ. कोठारी सर, ट्यूटर डॉ. स्नेहल, मी, आणि दाराजवळ उभा असलेला एमबीबीएस पहिल्या वर्षाचा वैभव. टेबलावर माझा हाडांचा बॉक्स आणि रेमेडियलची, म्हणजे जादा शिकवणीची, यादी. यादीत एकच नाव.

"अरे, घरी काय सांगितलंस?" सरांनी विचारलं.

"हे मले जमत नाई म्हटलं सर. बाबा रविवारी न्यायले येऊन राह्यले."

याला कारण मी. आदल्या आठवड्यात त्याच्या गावी, रोहण्याला, त्याच्या वडिलांना मीच फोन केला होता. त्यांचं किराणा दुकान आहे. मुलगा फार मागे पडतोय, एवढंच मी सांगितलं. ते म्हणाले, "मॅडमजी, इथं तं पहिला यायचा. तिथं जाऊन काऊन असं झालं?"

वर्धा जिल्ह्यातल्या एका मेडिकल कॉलेजात मी ॲनाटॉमी, म्हणजे शरीररचनाशास्त्र, शिकवते. डिसेक्शन हॉलमध्ये मोबाइल न्यायला बंदी आहे. देहदान केलेल्या माणसाचा फोटो काढायचा नाही, हा नियम पक्का. म्हणून व्हॉट्सॲप ग्रुपवर मी फक्त हाडं घेतली. रोज संध्याकाळी सात वाजता एक फोटो आणि दोन पोल: हाड कोणतं? बाजू कोणती?

बाजूचं महत्त्व सांगायला हवं. हातापायांची हाडं जोडीनं असतात. तोंडी परीक्षेत हाड हातात देतात आणि पहिला प्रश्न विचारतात, उजवं की डावं? ते चुकलं की परीक्षकाचा चेहरा बदलतो. ग्रुपवर मीही तोच नियम ठेवला. बाजू चुकली की शून्य.

पहिले तीन दिवस निम्म्याहून जास्त वर्ग बाजू चुकला. मग भराभर सुधारला. दुसऱ्या आठवड्यात जवळजवळ सगळे बरोबर. मी डायरीत "प्रयोग यशस्वी" असं लिहून खाली रेघही मारली. चुकत राहिला तो एकटा वैभव. हाडाचं नाव रोज बरोबर, बाजू रोज चूक.

सरांनी बॉक्समधून ह्युमरस, म्हणजे दंडाचं हाड, काढून त्याच्या हातात दिलं. "बाजू?"

त्यानं वरचा गोल भाग आत वळवला, खालचा खळगा मागे घेतला. "डावं."

रेडियस, कोपराखालचं अंगठ्याच्या बाजूचं हाड. "डावं." क्लॅव्हिकल, गळ्याजवळचं आडवं हाड. "हेही डावंच सर."

तिन्ही बरोबर. सर माझ्याकडे बघायला लागले. "मॅडम, याला काय येत नाही म्हणता?"

"मग फोनवर काय होतं तुला?" मी विचारलं.

त्यानं फोन काढून ह्युमरसचा फोटो माझ्यापुढे धरला. "मॅडम, हे उजवं दिसते. तुमचा बॉक्स डाव्या बाजूचा आहे हे साऱ्याइले माहीत आहे. पण दिसते उजवं, तं डावं कसं म्हणू? मले वाटलं, मलेच समजून नाई राह्यलं."

हा बॉक्स मी विद्यार्थी असताना एका सीनियरकडून घेतला होता. तो अर्धा सेट आहे. अर्ध्या सेटमध्ये शरीराच्या एकाच बाजूची हाडं येतात. माझी सगळी डावी.

मी तेच ह्युमरस फोटोशेजारी धरलं. फोटोतलं खरंच उजवं होतं. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. तरी उजवंच.

स्नेहल खांद्यावरून वाकली. "मॅडम, तुम्ही घड्याळ उजव्या हातात कधीपासून घालायला लागल्या?"

मी घड्याळ डाव्या हातात घालते. फोटोत हाड धरलेल्या हातावर ते होतं, आणि तो हात उजवा दिसत होता.

मग उलगडलं. मी फोन स्टँडवर लावायची, समोर बसायची आणि हाड फ्रेममध्ये येतंय ना हे स्क्रीनवर बघत फोटो काढायची. म्हणजे सेल्फी कॅमेरा. माझ्या फोनचा सेल्फी कॅमेरा आरशासारखी उलटी प्रतिमा सेव्ह करतो. रोज मी डाव्या हाडाचा उजवा फोटो टाकत होते आणि उजवं म्हणणाऱ्याला शून्य देत होते.

"म्हणजे फोटो बघून उत्तर देणारा हा एकटाच," सर म्हणाले. "बाकीचे कशावरून बरोबर आले?"

"बॉक्सवरून," वैभव खाली बघत म्हणाला. "डोळे झाकून डावं दाबायचं."

सर इतके हसले की बाहेरून शिपाई डोकावून गेला. मला हसू यायला जरा वेळ लागला.

खात्री करायची म्हणून त्याच संध्याकाळी विभागाच्या म्युझियममधून उजवं ह्युमरस घेतलं आणि मागच्या कॅमेऱ्यानं फोटो काढला. सातला पोल. दहा मिनिटांत जवळजवळ अख्खा वर्ग "डावं". "उजवं"वर वैभव आणि आणखी चौघं. मी उत्तर टाकलं. मग सीआरचा, म्हणजे वर्गाच्या प्रतिनिधीचा, मेसेज आला, "मॅडम, बॉक्स बदलला का?"

रेमेडियलची यादी दुसऱ्या दिवशी नवी केली. वैभव आणि ते चौघं सोडून सगळी नावं त्यात. फोटो दोन्ही बाजूंच्या हाडांचे आणि मागच्याच कॅमेऱ्यानं काढायचे, हे लिहून भिंतीवर लावलं. डायरीतली "प्रयोग यशस्वी" ही ओळ खोडली. उत्तरं बरोबर यायला लागली की मुलं शिकली असं मास्तरांना वाटतं. मुलांनी मास्तर ओळखलेला असतो, एवढाच बहुतेक वेळा त्याचा अर्थ.

राहिला रोहण्याचा फोन. वैभव म्हणाला, "मी सांगतो ना मॅडम." मी म्हटलं, "नाही, चूक मी सांगितली होती, बरोबरही मीच सांगणार." वडिलांना सगळं नीट सांगितलं. फोटो, कॅमेरा, घड्याळ. मुलगा चुकत नव्हता, मी चुकत होते, हे दोनदा सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मग रविवारी येणं रद्द करून टाकतो. पण मॅडमजी, त्याच्या मायले म्या सांगतलं तं तिले खरं नाई वाटनार. म्हणन, पोरानं रडून मॅडमले बोलायले लावलं. तुम्हीच एक दिवस घरी येजा. तुमच्या तोंडून ऐकू द्या तिले."

येते म्हटलं. तेव्हापासून दर सोमवारच्या कामांच्या यादीत ती ओळ सगळ्यात वर लिहितेय. बाकीच्या ओळींवर काट मारून झाली. रोहण्याला जायचं अजून राहिलंय.